धक्का आणि हेलकावा : मोटारीच्या ‘शॉकअप’चा व त्याच्या नावांचा इतिहास

१

मोटारगाडीच्या प्रत्येक चाकापाशी, पाट्याच्या किंवा स्प्रिंगच्या शेजारी, तेल भरलेली एक बंद नळी बसविलेली असते. इंग्रजीत तिला सामान्यतः ‘शॉक ॲब्झॉर्बर’ म्हणतात. पुस्तकी मराठीत ‘धक्काशोषक’ म्हणतात. गॅरेजमध्ये काम करणारा मराठी कारागीर मात्र ‘शॉकअप’ म्हणतो. या तीन नावांपैकी पहिली दोन अर्थपूर्ण आहेत, परंतु त्यांनी सांगितलेला अर्थ वस्तुस्थितीशी जुळत नाही. तिसऱ्या नावाला मराठी माणसाच्या दृष्टीने स्वतःचा असा अर्थच नाही, आणि म्हणून ते निदान दिशाभूल करीत नाही.

रस्त्याचा धक्का ही नळी शोषत नाही. तो प्रथम टायर व नंतर स्प्रिंग झेलते. झेललेला धक्का स्प्रिंग स्वतःपाशी साठविते व लगेच परत करते. त्यामुळे गाडी वर उसळते, खाली बसते आणि पुन्हा उसळते. ही खालीवर होणारी आंदोलने थांबविणे, एवढेच त्या नळीचे काम. नळीतील दट्ट्या तेलात सरकतो, तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून व झडपांतून जाताना विरोध करते, आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते आणि गाडी एकदोन उसळ्यांत स्थिर होते. म्हणजे धक्का घेणारी ती स्प्रिंग, आणि त्या धक्क्यातून निर्माण होणारा हेलकावा मारणारी ती ही नळी.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मोटारीचा मालक हा भाग झिजला आहे की नाही हे स्वतः पाहतो व कित्येकदा घरच्या अंगणात तो स्वतः बदलतोही. त्या वेळी आपण काय शोधावयाचे, हे त्याला पुष्कळदा त्या भागाचे नावच सुचविते. नाव चुकीचे असेल, तर शोधही चुकीच्या दिशेने होतो. प्रस्तुत लेखात या भागाचा इतिहास, त्याची निरनिराळ्या भाषांतील नावे आणि तो घरी बदलण्याच्या कामाचे पालटत गेलेले स्वरूप, यांचा एकत्र विचार करण्याचे योजिले आहे.

२

घोड्याच्या गाड्यांना या नळीची गरज नव्हती. इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकार पाट्यांची रचना प्रचारात आणली, आणि त्यानंतर बग्ग्या व प्रवासी गाड्या अशा पाट्यांवर तोलल्या जाऊ लागल्या. या पाट्यांत एक गुण आपोआपच आलेला होता. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या वाकताना परस्परांवर घासतात. त्या घर्षणाने आंदोलन बऱ्याच अंशी आपले आपण विरते. तात्पर्य, पाटा हा धक्का झेलणाराही होता आणि हेलकावा मारणाराही होता. एकाच वस्तूकडून दोन्ही कामे होत असल्यामुळे दोन वेगळ्या नावांची निकड भाषेला भासली नाही.

मोटारीने ही स्थिती पालटली. वेग वाढला, हवेचे टायर आले, आणि पट्ट्यांमधील घर्षण अपुरे पडू लागले. एकोणिसावे शतक संपता संपता फ्रान्समध्ये त्र्युफो याने घर्षणावर चालणारे एक साधन बनविले. त्याचे दोन लोखंडी हात कात्रीप्रमाणे जोडलेले असत, सांध्यात चकत्या दाबून बसविलेल्या असत, आणि मधला नट कमीजास्त आवळून विरोध कमीजास्त करता येत असे. अमेरिकेत एडवर्ड हार्टफोर्ड याने १९०४ च्या सुमारास हेच साधन बाजारात आणले. पुढे मोरीस उदाय या फ्रेंच संशोधकाने घर्षणाच्या जागी तेल आणले. त्याच्या साधनात एक पाते तेलाच्या पेटीत फिरत असे. १९२७ च्या अखेरीस फोर्ड कंपनीने ‘मॉडेल ए’ ही गाडी विक्रीस काढली, तेव्हा तिच्यावर उदायच्याच पद्धतीची तेलाची साधने बसविलेली होती.

तत्पूर्वीची फोर्डची ‘मॉडेल टी’ (१९०८–१९२७) मात्र असे कोणतेही साधन न बसविता विकली जाई. मालक ते बाजारातून आणीत व स्वतः बसवीत. ‘शॉक ॲब्झॉर्बर’ घरी बसविण्याची प्रथा अशा रीतीने या भागाच्या जन्माइतकीच जुनी आहे. याच बाजारात नावाचा घोटाळाही झालेला दिसतो. हॅस्लर या नावाची जी साधने ‘शॉक ॲब्झॉर्बर’ म्हणून या गाडीसाठी विकली जात, त्या वस्तुतः जादा स्प्रिंगा होत्या. हार्टफोर्डचे साधन त्याच नावाने विकले जाई. पण ते स्प्रिंगच्या नेमके उलट काम करी. एक वस्तू धक्का घेणारी, दुसरी हेलकावा मारणारी, आणि नाव दोहोंचे एक. विक्रेत्याला हे नाव सोयीचे होते, कारण गिऱ्हाइकाला धक्का जाणवतो व तो नको असतो. धक्क्यानंतरचे आंदोलन हा वेगळा दोष आहे, हे त्याला समजावून सांगण्यात विक्रेत्याचे हित नव्हते. पुढे जादा स्प्रिंगा मागे पडल्या, नाव तेवढे उरले, आणि ते भलत्या वस्तूला कायमचे चिकटले.

३

इतर भाषांनी काय केले, हे पाहणे उद्‌बोधक आहे. फ्रेंचमध्ये या भागाला ‘आमॉर्तिसर’ म्हणतात. ‘आमॉर्तिर’ या क्रियापदाच्या मुळाशी मृत्युवाचक लॅटिन ‘मॉर्स, मॉर्त-’ हा शब्द आहे. संस्कृत ‘मृ’ व मराठी ‘मरणे, मारणे’ ही त्याचीच दूरची भावंडे होत. फ्रेंच नावाचा अर्थ अशा रीतीने ‘मारून टाकणारा, निर्जीव करणारा’ असा होतो. मराठीत आपण भूक मारतो, आणि रसशास्त्रात धातूचे मारण करतात. ‘मारणे’ याची हीच छटा तेथे अभिप्रेत आहे. इटालियन, पोर्तुगीज व रशियन या भाषांनी याच मुळाचे शब्द स्वीकारले.

ब्रिटिश अभियंते ‘डॅम्पर’ हा शब्द अधिक पसंत करतात. इंग्रजी ‘डॅम्प’ याचा जुना अर्थ बाष्प किंवा धूर असा आहे. जर्मन ‘डाम्फ’ म्हणजे वाफ, हा त्याचा सगोत्र शब्द. धुराने कोंडणे, विझविणे, मंद करणे, असा अर्थविस्तार होत होत पियानोच्या तारेचा नाद थांबविणारी गादीही ‘डॅम्पर’ झाली आणि मोटारीची नळीही. संस्कृत ‘दम्’ या धातूशी या शब्दाचे जे ध्वनिसाम्य दिसते, ते केवळ योगायोगाचे आहे. ‘दम्’चा इंग्रजीतील खरा सगोत्र शब्द ‘टेम’ हा होय. अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती जुळविण्याचा मोह अभ्यासकाने येथे आवरला पाहिजे.

जर्मन भाषेने मध्यम मार्ग काढला. तिचा शब्द ‘श्टोसडेम्फर’, म्हणजे धक्का मंद करणारा. यात पूर्वपद अमेरिकन नावाच्या जातीचे आणि उत्तरपद ब्रिटिश नावाच्या जातीचे आहे.

अमेरिकेतही एक अचूक नाव काही काळ रूढ होते. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर याने मोटारीच्या धुरावर वाजणारा एक भोंगा तयार केला होता, आणि तुतारी वाजविणाऱ्या देवदूताच्या नावावरून त्याला ‘गेब्रिएल’ हे नाव दिले होते. याच फॉस्टरने पुढे पट्ट्याने गाडीची उसळी रोखणारे साधन काढले. ते ‘गेब्रिएल स्नबर’. ‘स्नब’ हा नाविकांच्या भाषेतील शब्द असून, सुटत चाललेला दोर खुंटाला वेढा देऊन रोखणे असा त्याचा अर्थ आहे. ते साधन नेमके तेच करी. साधन कालबाह्य झाले, त्याबरोबर ‘स्नबर’ हा शब्द मोटारीच्या व्यवहारातून गेला. ‘गेब्रिएल’ हे विशेषनाम तेवढे राहिले. १९६१ साली मुंबईत स्थापन झालेल्या व पुढे भारतातील या भागाच्या प्रमुख उत्पादकांपैकी एक ठरलेल्या कंपनीने तेच नाव धारण केले आहे. भोंग्याचे नाव असे तेलाच्या नळीपर्यंत येऊन पोहोचले.

४

नावे स्थिर होत असताना वस्तू पालटतच होती, आणि तिच्याबरोबर मालकाचे कामही पालटत होते. या दृष्टीने चार अवस्था कल्पिता येतात.

पहिली अवस्था घर्षणाच्या साधनांची. तीत मालक पाना घेऊन नट आवळी. दुरुस्ती म्हणजे जुळवणी. दुसरी अवस्था हात असलेल्या तेलपेट्यांची. ब्रिटिश ‘मॉरिस मायनर’ (१९४८) हे तिचे परिचित उदाहरण असून, भारतात ही गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने आली. या पेटीचे बूच उघडून तेल पाहता येई व कमी झाल्यास भरता येई; दुरुस्ती म्हणजे देखभाल. या गाडीच्या पुढच्या चाकांना तर पेटीचा हात हाच चाक धरून ठेवणारा वरचा दांडाही होता, त्यामुळे काम जपून करावे लागे.

तिसरी अवस्था दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. इटलीच्या ‘लान्चा लाम्दा’ या गाडीत १९२२ मध्ये चाकाच्या खांबातच अशी रचना केलेली होती. १९३० नंतरच्या दशकात सुटी नळी अमेरिकेत प्रचारात आली आणि महायुद्धोत्तर काळात ती सर्वत्र पसरली. १९३४ पासून अमेरिकन गाड्यांच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा बसू लागल्या होत्या. पाट्याच्या पट्ट्यांमधील घर्षण अशा स्प्रिंगेत नसल्यामुळे, पूर्वी उपयुक्त असलेली नळी आता अपरिहार्य ठरली. ही नळी सील केलेली असते. ती उघडता येत नाही, तिच्यात तेल भरता येत नाही. झिजली की काढावयाची व नवी लावावयाची. दुरुस्ती म्हणजे आता बदल.

चौथी अवस्था मॅकफर्सन खांबाची. अर्ल मॅकफर्सन याची ही रचना १९५० च्या ब्रिटिश ‘फोर्ड कॉन्सल’ व ‘झेफिर’ या गाड्यांमुळे प्रसिद्धीस आली. तीत स्प्रिंग व नळी एकाच खांबावर एकत्र आली. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या ‘मारुती ८००’च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती.

घरगुती कामाचा सुवर्णकाळ तिसऱ्या अवस्थेत आला, हे सहज पटण्यासारखे आहे. चार नटबोल्ट सोडून एक सुटा भाग काढावयाचा व दुसरा लावावयाचा, इतके ते काम सुटसुटीत झाले. मालकाने स्वतः करावयाच्या दुरुस्तीचे सचित्र ग्रंथ इंग्लंडमध्ये याच काळात लोकप्रिय झाले; जॉन हेन्स याच्या प्रसिद्ध मालिकेतील पहिला ग्रंथ १९६६ मध्ये ‘ऑस्टिन हीली स्प्राइट’ या गाडीवर निघाला. आपल्याकडे कारण निराळे होते. परवाना पद्धतीच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून हाती असलेली गाडी जपून चालविणे भाग होते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. १९७४ मध्ये ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या टॅक्सींत तिचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. या गाडीच्या मागच्या बाजूस पाटे व नळ्या अलग अलग होत्या. मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरातून किंवा पुण्यात नाना पेठेतून जोडी आणावी आणि सुटीच्या दिवशी ती घरी बसवावी, हे हौशी मालकाच्या आवाक्यातले काम होते.

५

पाट्यावर तोललेल्या मागच्या आसाचे हे काम कोणत्या क्रमाने करतात, ते थोडक्यात नमूद करणे इष्ट आहे. कारण भागाचे खरे कार्य त्या क्रमातून स्पष्ट होते.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावतात. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच तेल सोडलेले असते. मग जॅकने गाडी उचलून तिचा सांगाडा लोखंडी घोड्यांवर टेकवतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. नळी काढण्यापूर्वी आसाला खालून आधार देतात, कारण आस किती खाली लोंबावा याची मर्यादा पुष्कळ गाड्यांत ही नळीच ठरवीत असते. खालवरचे नट सोडताना दांडा फिरू नये म्हणून तो दुसऱ्या पान्याने धरावा लागतो. नवी नळी बसविण्यापूर्वी उभी धरून चारपाच वेळा पूर्ण दाबतात व ओढतात, म्हणजे तेलात अडकलेली हवा निघून जाते. रबरी बुश नवे घालतात. शेवटची आवळणी मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतर करतात. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. एका आसावरच्या दोन्ही नळ्या एकदमच बदलतात, कारण एका बाजूस विरोध अधिक व दुसऱ्या बाजूस कमी झाल्यास वळणावर गाडीचा तोल बिघडतो.

या सर्व कामात स्प्रिंगला हात लागत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नळी काढून ठेवली तरी गाडीचे वजन पाटेच तोलून धरतात. धक्के झेलण्याचे कामही तेच चालू ठेवतात. मॅकफर्सन खांबाची गोष्ट वेगळी. तेथे स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत नळीभोवती असते. ती दाबून धरण्याचे खास साधन न लावता माथ्याचा नट सोडला, तर स्प्रिंग उसळून प्राणावर बेतू शकते. खांब बदलल्यावर चाकांची अलाइनमेंटही तपासून घ्यावी लागते. म्हणून हे काम गॅरेजकडे गेले ते योग्यच झाले. ‘धक्का शोषणारी ती नळी’ एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याला या खांबातील खरा धोका स्प्रिंगेत आहे हे सुचणार नाही. नावाचा दोष येथे थेट जिवाशी येऊन भिडतो.

झीज ओळखण्याच्या बाबतीतही असेच घडते. नावावर विसंबणारा मालक दणके वाढण्याची वाट पाहतो. परंतु झिजलेली नळी प्रवास पुष्कळदा मऊच करते. खड्डा जाणवत नाही, उलट गाडी तरंगल्यासारखी वाटते, आणि मालक समाधान मानतो. वास्तविक त्या तरंगण्यात चाकाचा रस्त्यावरचा दाब क्षणोक्षणी कमीजास्त होत असतो. ब्रेक दाबला असता गाडीचे नाक खाली जाते, खडबडीत रस्त्यावर ती थांबावयास अधिक अंतर घेते, टायर खळगे पडल्याप्रमाणे ठिकठिकाणी झिजतो, नळीवर तेलाचा ओघळ दिसतो. गाडीचा कोपरा दाबून सोडला असता ती एकदोनदा उसळून स्थिर न होता झुलतच राहते. ही सारी चिन्हे हेलकाव्याची आहेत, धक्क्याची नव्हेत.

६

आता मराठीकडे वळू. ‘शॉकअप’ या शब्दाची घडण सोपी आहे. ‘ॲब्झॉर्बर’मधील ‘ब्झ’ हा जोड मराठी उच्चाराला अवघड. तेथे शब्द तुटला, ‘ॲब्’ याचा ‘अप’ झाला, आणि ‘पिकअप’, ‘चेकअप’ अशा परिचित शब्दांच्या साच्यात तो बसला, असे मानण्यास हरकत नाही. नुसता ‘शॉक’ मराठीत विजेचा असतो. त्यापासून हा शब्द वेगळा राहिला, हा आणखी एक लाभ. मोटारसायकलच्या पुढच्या नळ्यांनाही तोच शब्द लागला. कारागिराने या शब्दातून कार्य शोधण्याचा कधी प्रयत्न केला नाही. त्याने वस्तू हातात घेऊन तिचे कार्य जाणले व शब्दाला खुणेपुरते ठेवले.

‘धक्काशोषक’ हा शब्द याच्या उलट मार्गाने आला. तो इंग्रजी नावाचे पदशः भाषांतर आहे. भाषांतर निर्दोष आहे. परंतु मूळ नावातच दोष असल्यामुळे तो दोषही निर्दोषपणे मराठीत उतरला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य व पाठोपाठ भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर परिभाषानिर्मितीला जोर आला, आणि विद्यापीठांतील मराठीचे अनेक अध्यापक त्या कार्यात सहभागी झाले. संस्कृत धातूंची समृद्धी आपल्या हाताशी होती. त्यामुळे कोणत्याही इंग्रजी संज्ञेला प्रतिशब्द देता येतो, हा विश्वास आपणांस आला, आणि तो साधारही होता. मात्र प्रतिशब्द देण्यापूर्वी ती संज्ञा त्या वस्तूविषयी खरे सांगते किंवा नाही, हा प्रश्न विचारण्याची सवय त्या मानाने कमी लागली.

विशेष हे की, येथे लागणारा भेद मराठी बोलीत पूर्वीपासून आहे. एकवेळच्या आघाताला आपण ‘धक्का, दणका, गचका, हिसका’ म्हणतो. पुनःपुन्हा होणाऱ्या डोलण्याला ‘हेलकावा, झोका, हिंदोळा’ म्हणतो. एस. टी.च्या मागच्या बाकावर बसलेला प्रवासी ‘गचके बसतात’ असे म्हणेल आणि नावेत बसलेला ‘नाव हेलकावे खाते’ असे म्हणेल. कोणीही या दोन क्रियापदांची अदलाबदल करणार नाही. गचका बसतो, तो बाहेरून येतो. हेलकावा खाल्ला जातो, तो वाहनाच्या स्वतःच्या गतीचा असतो. अभियंत्याने स्प्रिंग व नळी यांत जो भेद केला, तोच बोलीने या दोन शब्दगटांत करून ठेवला आहे. गाडी हेलकावे खाऊ लागली की नळी पाहावी, हे निदान शुद्ध मराठीतच सांगता येते. त्यासाठी पाश्चात्त्य संज्ञेकडे जावे लागत नाही.

मग नाव काय असावे? भौतिकीच्या परिभाषेत ‘अवमंदन’ ही संज्ञा उपलब्ध आहे, परंतु ती व्यवहारात रुळणे कठीण. ‘शम्’ या धातूपासून झालेला ‘शामक’ हा शब्द औषधांच्या संदर्भात सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘दोलनशामक’ किंवा अधिक घरगुती असे ‘हेलकावा-शामक’ हे नाव कार्याशी प्रामाणिक ठरेल. गॅरेजमधील ‘शॉकअप’ला ते हटवील अशी अपेक्षा करू नये, व तशी गरजही नाही. प्रश्न पाठ्यपुस्तकांचा, शब्दकोशांचा आणि वाहनविषयक मराठी माहितीपुस्तिकांचा आहे. कारण तेथे नाव हेच पुष्कळदा वाचकाचे पहिले व शेवटचे स्पष्टीकरण असते.

परिभाषेचा विचार करताना आपण शब्द शुद्ध की अशुद्ध, देशी की परका, सोपा की बोजड, अशा कसोट्या लावतो. त्यांच्या आधी आणखी एक कसोटी असावयास हवी, असे या छोट्याशा यंत्रभागाच्या इतिहासावरून म्हणता येते. मूळ भाषेतील नाव वस्तूविषयी खरे बोलत आहे काय? त्याचे उत्तर कोशात सापडत नाही; ते गाडीखाली, तेलाने माखलेल्या हातांपाशी सापडते. परिभाषाकाराने तेथवर जाऊन यावे, आणि येताना कारागिराची ‘गाडी हेलकावे खाते’ ही तक्रार जशीच्या तशी टिपून आणावी. पुष्कळदा हवा असलेला शब्द त्या तक्रारीतच असतो.